बारा गोळ्यांचा हिशेब

मंडळी, 'डेडपूल' या हॉलिवूडच्या विनोदी सुपरहिरोपटाचा, ज्यात रायन रेनॉल्ड्स नायक आहे, पहिला भाग 2016च्या फेब्रुवारीत आला, दुसरा 2018च्या मे महिन्यात. पहिल्याला सुमारे 5.8 कोटी डॉलर खर्च आला, दुसऱ्याला सुमारे 11 कोटी. गल्ला मात्र दोघांचा जवळपास सारखाच, 78 कोटी डॉलरच्या आसपास. तेव्हा जवळजवळ दुप्पट पैशाने काय आलं आणि काय गेलं, एवढंच आज पाहू.

पहिल्या भागातली पुलावरची मारामारी आठवा. काडतुसांची पिशवी विसरलेली, हातात फक्त बारा गोळ्या. नायक हे समोरच्या गुंडांना तोंडावर सांगतो आणि मग प्रत्येक गोळीला आकडा मोजत जातो. या मोजणीमुळे प्रेक्षकही हिशेबाला बसतो. नेम चुकला की तो पडद्यावर हळहळतो आणि आपण खुर्चीत. एरवी अशा सिनेमांत गोळ्या संपतच नाहीत, म्हणून एकीलाही किंमत नसते. इथे शेवटच्या एका गोळीत तीन डोकी जातात आणि थिएटरात टाळी पडते, कारण हिशेब जुळलेला असतो.

हा हिशेब नुसता पटकथेतला नव्हता. चित्रीकरणाच्या तोंडावर काही दशलक्ष डॉलर कापले गेले आणि शेवटची मोठी गोळीबाराची मारामारी परवडेनाशी झाली, असं लेखक ऱ्हेट रीस आणि पॉल वर्निक यांनी नंतर सांगितलं. उपाय काय केला? बंदुकांनी भरलेली बॅग टॅक्सीत विसरली, टॅक्सी निघून गेली! पैसे नाहीत ही अडचणच विनोद झाली, आणि नायक विसराळू आहे हे पुलावरच दाखवलेलं असल्यामुळे तो विनोद पटलाही.

रचनेतही एक शहाणपण आहे. कॅन्सर, प्रयोगशाळेतला छळ, विद्रूप झालेला चेहरा अशी सुपरहिरोची जन्मकथा सलग सांगितली तर जड होते. म्हणून दिग्दर्शक टिम मिलरने पुलावरची मारामारी मध्येच थांबवली आणि भूतकाळाचे तुकडे तिच्यात घुसवले. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत उलटणारी गाडी हवेत गोठलेली आहे आणि कॅमेरा तिच्या पोटातून फिरतो. नावांच्या जागी तर सरळ टवाळी, दिग्दर्शकाचीसुद्धा. मिलर आला तो अॅनिमेशन आणि व्हिज्युअल इफेक्ट्सच्या धंद्यातून, 'ब्लर स्टुडिओ' त्याचाच. गोठलेला क्षण सगळीकडून फिरवून दाखवणं हे त्याचं घरचं काम.

दुसऱ्या भागाआधी मिलर बाहेर पडला आणि डेव्हिड लीच आला. लीच मूळचा स्टंटमन. फरक पडद्यावर लगेच कळतो: अंगं खरी आदळतात, माणूस पडतो तेव्हा त्याचं वजन जाणवतं. पण गोष्ट सरळ रेषेत चालते, आणि ओझी फार. नायकाची प्रेयसी व्हॅनेसा हिचा मृत्यू, रसेल नावाचा चिडलेला पोरगा, अनाथालय, तुरुंग, भविष्यातून आलेला सैनिक केबल, वर जगरनॉट नावाचा धिप्पाड खलनायक. पहिल्या भागात एकच मागणी होती: प्रयोगशाळेत छळणारा फ्रान्सिस सापडू दे आणि माझा चेहरा नीट होऊ दे. दुसऱ्यात नायकाला नक्की काय हवंय हे कळायलाच वेळ लागतो, आणि मधला भाग सैल पडतो तो त्यामुळे.

तरी दुसऱ्या भागातली सर्वांत भारी जागा पैसा उधळण्याचीच आहे. नायक जमवतो त्या 'एक्स-फोर्स' नावाच्या टोळीची भरती आठवते ना? एकेकाची मुलाखत, प्रत्येकाची खास शक्ती, शिवाय पीटर नावाचा साधा गृहस्थ, ज्याच्याकडे शक्ती नाहीच. नुसती जाहिरात वाचून आलाय. प्रचारातही या मंडळींना मिरवलेलं. वाऱ्याची धोक्याची सूचना आधीच उच्चारली जाते. मग पॅराशूटने उडी, आणि एकामागून एक सगळे खलास: एक बसवर, एक हेलिकॉप्टरच्या पात्यांत, एक लाकडं भरडणाऱ्या यंत्रात, एक विजेच्या तारांवर. तारांवरचा तो अदृश्य माणूस झटका बसल्यावर क्षणभर दिसतो, तर ब्रॅड पिट! इतका महागडा चेहरा आणि इतकी कंजूस झलक. तयारी लांब, चुराडा झटपट. माप उलटं केलं असतं तर दृश्य नुसतं क्रूर वाटलं असतं.

याच प्रसंगातून टोळीतली डॉमिनो उरते, नशीब हीच जिची शक्ती. नशीब ही काही शक्ती नव्हे, पडद्यावर दिसणार कशी, असा वाद नायक घालतो. उत्तर दृश्य देतं. तिच्याभोवती गाड्या घसरतात, वस्तू उडतात आणि ती अलगद एका फुगवलेल्या पांडावर उतरते. इथे कारण आणि परिणाम दोन्ही एकाच नजरेत मावावे लागतात. तुकडे पाडून कापलं की तो योगायोग न वाटता संकलकाची लबाडी वाटते.

आता मुखवट्याबद्दल. पेडण्याकडे दशावतार पाहिलेल्यांना संकासुर माहीत आहे. काळा बुरखा, लोंबती लाल जीभ. चेहरा झाकलेला, म्हणून सगळी भिस्त आवाजावर आणि अंगविक्षेपावर. नाटकात असूनही तो प्रेक्षकांशी बोलतो. डेडपूल त्याच कुळातला. फक्त त्याच्या मुखवट्याचे पांढरे डोळे बारीक-मोठे होतात, ते नंतर संगणकावर केलेले. ओठ दिसत नाहीत याचा फायदा मोठा: चित्रीकरण झाल्यावरही डबिंगच्या खोलीत संवाद बदलता येतो, जुना विनोद काढून चांगला घालता येतो. दुसऱ्या भागाला हिंदीत रणवीर सिंगने आवाज दिला, त्यालाही मुखवट्यातल्या दृश्यांत ओठ जुळवायची डोकेदुखी नव्हती. पण याच सोयीमुळे मोकळी जागा दिसली की शाब्दिक कोटी भरायचा मोह होतो, आणि दुसऱ्या भागात तो जास्त झालाय. संकासुर बोलत असतो तेव्हा मूळ आख्यान थांबलेलं असतं, म्हणून ते खपतं. इथे रडण्याच्या प्रसंगातही तो गप्प बसत नाही.

सगळ्यात मोठी गडबड मृत्यूची. व्हॅनेसा सुरुवातीलाच मरते. मग जेम्स बाँडची नक्कल करणारी, सेलिन डिऑनच्या गाण्यावरची श्रेयनामावली स्वतःच विचारते की तिला खरंच मारलं का. विनोद उत्तम. शेवटी जखमा आपोआप भरणारी शक्ती दाबणारा पट्टा गळ्यात असताना नायक गोळी झेलतो, तेव्हा जिवाला धोका खरा आहे, कारण पट्ट्यामुळे कॅन्सर परतलेला आहे. तो मरताना बराच वेळ बोलतो. मग केबल कालयंत्राची उरलेली एकच खेप वापरतो, मागे जाऊन त्याच्या छातीवर जुनं टोकन बसवतो आणि गोळी अडते. केबलची घरी परतायची वाट त्यात बंद होते. म्हणजे किंमत मोजलेली आहे. हे चाललं. पण श्रेयनामावलीच्या मधोमध ते यंत्र दुरुस्त होतं, नायक व्हॅनेसालाही वाचवतो, पीटरलाही, आणि जाता जाता रायन रेनॉल्ड्सच्या जुन्या फसलेल्या भूमिकांचाही निकाल लावतो. हसून पोट दुखतं, पण त्या तीन-चार मिनिटांत आधीच्या दोन तासांचं दुःख फुकट जातं. बारा गोळ्यांच्या खिशात अचानक हजार गोळ्या सापडाव्यात तसं.

दोन्ही भागांत हिशेब नीट सांभाळलाय तो टॅक्सीवाल्या डोपिंदरचा, म्हणजे करण सोनीचा. पहिल्या भागात त्याच्या टॅक्सीत 'मेरा जूता है जापानी' वाजतं, दुसऱ्यात 'स्वदेस'मधलं 'यूँ ही चला चल'. भाड्याऐवजी त्याला हातावर टाळी मिळते. आपल्याकडे गोव्यात मीटरवरून एवढे वाद झाले, पण हा दर अजून कोणी मागितलेला नाही. पहिल्या भागात प्रेमातला प्रतिस्पर्धी त्याने डिकीत कोंबलेला असतो. दुसऱ्यात त्याला पगारी मारेकरी व्हायचंय, कोणी मनावर घेत नाही, आणि शेवटी अनाथालयाचा दुष्ट मुख्याध्यापक मोठ्या आवेशात बोलत असताना त्याला उडवते ती डोपिंदरचीच टॅक्सी. ना बंदूक, ना गोळी.