एमबीएचे कोअर विषय आणि एक लाखाची गाडी

(एमबीएच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडंफार संपादित करून)

नमस्कार. बसा बसा, मागच्या रांगेतल्यांनी पुढे आलात तरी चालेल, मी अटेंडन्स घेणार नाहीये.

आत्ता चहाच्या वेळी बाहेर जे काही कानावर पडलं त्यावरून तुमच्या सगळ्यांच्या डोक्यात एकच किडा वळवळतोय, तो म्हणजे स्पेशलायझेशन. फायनान्स घेतलं तर पॅकेज चांगलं मिळतं का, मार्केटिंगमध्ये टार्गेटच्या मागे पळून जीव जातो का, एचआर मुलींसाठी बरं असतं म्हणतात ते खरं का (हे नक्की कोण म्हणतं, त्या माणसाला मला एकदा भेटायचंय), अॅनालिटिक्सला सध्या डिमांड आहे ना वगैरे. आणि पहिल्या वर्षाच्या विषयांबद्दल सगळ्यांचं मत एकच, ते पास व्हायचे असतात. सीनियर्सनी नोट्स दिल्यात, मागच्या पाच वर्षांचे पेपर आहेत, होऊन जाईल.

तर आज मी त्या "होऊन जाईल"वाल्या विषयांवर बोलणारे. अकाउंटिंग, इकॉनॉमिक्स, ऑर्गनायझेशनल बिहेवियर (म्हणजे कंपनीत माणसं कशी वागतात), मार्केटिंग, रिसर्च मेथड्स नाहीतर स्टॅटिस्टिक्स, फायनान्स, ऑपरेशन्स, एचआर, थोडा कायदा आणि शेवटी स्ट्रॅटेजी. नावं युनिव्हर्सिटीप्रमाणे बदलतात, मुंबई युनिव्हर्सिटीत तर डिग्रीचंच नाव वर्षानुवर्षं एमएमएस, म्हणजे मास्टर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज, असं चालत आलंय, आणि आयआयएमवाले २०१७चा कायदा येईपर्यंत डिग्री देऊच शकत नव्हते, डिप्लोमाच द्यायचे, पण पहिल्या वर्षाचं ताट सगळीकडे साधारण हेच.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. स्पेशलायझेशन तुम्हाला तुमच्या डिपार्टमेंटचं काम शिकवतं, आणि कोअर विषय कामाला येतात ते दुसऱ्या डिपार्टमेंटशी वाजतं तेव्हा. आणि वाजतंच, नोकरीला लागल्यावर सहा महिन्यांत कळेल. सेल्सवाला म्हणतो किंमत कमी करा, फायनान्सवाला म्हणतो परवडत नाही, प्लांटवाला म्हणतो एवढ्या व्हरायटी मला जमणार नाहीत, एचआरवाला म्हणतो माणसं सोडून चाललीत, आणि प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो हीच खरी पंचाईत.

हे नुसतं हवेत नको म्हणून एकच केस घेऊ. नाही, डबेवाले नाही. डबेवाल्यांबद्दल मला प्रचंड आदर आहे, पण दोन वर्षांत ते उदाहरण तुम्ही इतक्या वेळा ऐकणार आहात की मी तरी सोडते. आपण घेऊ टाटा नॅनो. डिझाइनचं बरंचसं काम आपल्या पुण्यात झालं, आणि तुमच्यापैकी काहींच्या घरी किंवा शेजारी एखादी अजून उभी असेल.

तारखा पटकन सांगून टाकते. १० जानेवारी २००८ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये गाडी दाखवली. स्कूटरवरून पावसात जाणारं चौघांचं कुटुंब बघून रतन टाटांना सुचलेली कल्पना, किंमत एक लाख. कारखाना पश्चिम बंगालमध्ये सिंगूरला उभा राहत होता, तिथे जमिनीवरून आंदोलन पेटलं, ऑक्टोबर २००८मध्ये टाटांनी बाहेर पडायचं जाहीर केलं आणि काही दिवसांत गुजरातमधलं साणंद ठरलं. मार्च २००९मध्ये मुंबईत लाँच, साणंदचा प्लांट जून २०१०ला सुरू, त्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्या. सगळ्यात चांगलं वर्ष २०११-१२, त्यात विकल्या गेल्या साधारण ७४ हजार. आणि जून २०१८मध्ये अख्ख्या महिन्यात गाडी बनली एक. एक हजार नव्हे, एक.

आता अकाउंटिंगपासून सुरू करू, कारण याच विषयाला मुलं सगळ्यात जास्त घाबरतात, खास करून इंजिनिअरिंगवाली, डेबिट क्रेडिट म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. पण मॅनेजमेंट अकाउंटिंगमध्ये खरी गंमत डेबिट क्रेडिटच्या पुढे आहे. नेहमी आपण काय करतो, वस्तू बनवायला किती खर्च आला ते काढतो, वर नफा लावतो, झाली किंमत. नॅनोत उलटं होतं. किंमत आधी ठरली, त्यातून नफा वजा केला आणि जे उरलं तेवढ्यातच गाडी बसवायची. याला टार्गेट कॉस्टिंग म्हणतात. म्हणून एकच वायपर, चाकाला चारऐवजी तीन नट, मागे दोन सिलिंडरचं ६२४ सीसीचं इंजिन, बेसिक मॉडेलला आरसा एकाच बाजूला. प्रत्येक पार्टवर पैशांची भांडणं झाली असणार, आणि इंजिनिअरला कॉस्ट शीट, म्हणजे खर्चाचा तक्ता, वाचता येत नसेल तर त्या मीटिंगमध्ये तो फक्त चहा पिणार.

आता इथे फळ्यावर बघा. हे आकडे माझे, फक्त समजायला घेतलेत, कंपनीचे नाहीत. समजा गाडी एक लाखाला विकली, एका गाडीमागे स्टील, टायर, इंजिन, मजुरी असा बदलता खर्च ऐंशी हजार. म्हणजे प्रत्येक गाडी वीस हजार रुपये हातात ठेवते, याला कॉन्ट्रिब्युशन म्हणा. आणि कारखाना, मशीन, पगार, व्याज असा ठरलेला खर्च वर्षाला चारशे कोटी, एक गाडी विका नाहीतर लाख विका, तो होणारच. किती गाड्या विकल्यावर हिशोब बरोबरीत येईल? चारशे कोटी भागिले वीस हजार, दोन लाख गाड्या. अडीच लाख क्षमतेच्या कारखान्यात दोन लाख विकल्या की पुढची प्रत्येक गाडी नफा. छान. पण विकल्या ७४ हजार, तर कॉन्ट्रिब्युशन आलं १४८ कोटी आणि खड्डा पडला २५२ कोटींचा.

थांबा, पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. दोन लाख गाड्या असताना एका गाडीवर ठरलेला खर्च पडतो वीस हजार, म्हणजे गाडी पडली एक लाखाला. ७४ हजार असताना तोच खर्च पडतो चोपन्न हजार, म्हणजे तीच गाडी, तेच तीन नट, पडली एक लाख चौतीस हजारांना. आता फायनान्सवाला मीटिंगमध्ये हा आकडा दाखवून म्हणेल, एक चौतीसला पडतेय, एक लाखाला विकता कशी, किंमत वाढवा. मार्केटिंगवाला म्हणेल वाढवली तर आणखी कमी खपेल, मग ती पावणेदोनला पडेल. दोघांकडे कागद आहेत. फिक्स्ड आणि व्हेरिएबल, म्हणजे ठरलेल्या आणि बदलत्या खर्चातला फरक मार्केटिंगवाल्याला कळत नसेल तर तो त्या आकड्यापुढे गप्प बसतो, आणि मागणीचं गणित फायनान्सवाल्याला कळत नसेल तर तो किंमत वाढवून मोकळा होतो. एवढ्यासाठी दोघांनाही दोन्ही विषय शिकवतात हो. परीक्षेत ब्रेक-इव्हनचं, म्हणजे हे हिशोब बरोबरीत यायचं गणित दहा मार्कांना येतं म्हणून तुम्ही फॉर्म्युला पाठ करून जाल, पण तो आकडा कुणाच्या हातात हत्यार होतो ते बघा.

बरं, रिसर्च मेथड्स, सगळ्यात दुर्लक्षित विषय. एप्रिल २००९मध्ये बुकिंग उघडलं तेव्हा दोन लाखांच्या वर लोकांनी पैसे भरून नावं नोंदवली, आणि पहिल्या एक लाख गाड्या कुणाला द्यायच्या ते कॉम्प्युटरवर सोडत काढून ठरवलं. आता हा आकडा बघून तुम्ही म्हणाल का की दरवर्षी अडीच लाख खपतील? ज्या गाडीची वर्षभर जगभर चर्चा झाली तिला पहिल्या फेरीत येणारे लोक हे सर्वसामान्य गिऱ्हाइकाचा नमुना नसतात, ते हौशी, उत्सुक, आधीच पटलेले लोक असतात, काहींच्या घरी तर आधीच गाडी असेल. सॅम्पल असं स्वतःहून चालत आलं की त्यावरून पुढच्या पाच वर्षांचा अंदाज बांधता येत नाही. हे वाक्य पुस्तकात सेल्फ-सिलेक्शन बायस म्हणून दोन ओळींत येतं आणि आपण ते अधोरेखित करून पान उलटतो.

इकॉनॉमिक्समध्ये सबस्टिट्यूट शिकवतात ना, पर्यायी वस्तू. नॅनोचा पर्याय काय होता? सगळ्यांना वाटलं स्कूटर. पण गिऱ्हाइकाच्या नजरेत पर्याय होता जुनी मारुती, सेकंड हँड का असेना. आणि इथे मार्केटिंगचा सगळ्यात अवघड धडा येतो. आपल्याकडे पहिली गाडी घेतली की घरात पेढे येतात, गाडीला हार घालतात, नारळ फोडतात, सासरच्यांना फोन जातो. त्या माणसाला देशातली सगळ्यात स्वस्त गाडी घेतली असं सांगायचं नसतं, त्याला गाडी घेतली असं सांगायचं असतं. कंपनीने कमीत कमी किमतीचा मोठा पराक्रम केला होता, इंजिनिअरच्या दृष्टीने तो पराक्रमच होता, पण तोच गाडीच्या कपाळावर चिकटला. रतन टाटांनी पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितलं की सगळ्यात स्वस्त गाडी ही ओळख तिला महागात पडली. त्यात २०१०मध्ये काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या, आणि स्वस्त म्हणजे कच्चं हा संशय लोकांच्या मनात होताच. नंतर २०१५ला ऑटोमॅटिक गिअरचं सुधारलेलं मॉडेल आणलं, चांगलं होतं, पण एकदा बसलेला शिक्का जाहिरातीने पुसत नाही. प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन हे मार्केटिंगचे फोर पीज, प्राइस हा त्यातला एक पी, असं आपण पाठ करतो. पण गिऱ्हाईक किंमत बघूनच वस्तूची पत ठरवतं, हे त्या चार चौकोनांत कुठे दिसत नाही.

कायदा. हा पेपर कमी क्रेडिटचा असतो, मुलं आदल्या रात्री वाचतात. सिंगूरची जमीन १८९४च्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या भूसंपादन कायद्याखाली घेतली होती. जवळजवळ हजार एकर, काही शेतकऱ्यांनी चेक घेतले, काहींनी घेतलेच नाहीत. प्लांट बराचसा उभा झाला होता तरी सोडून जावं लागलं. २०१३ला देशाने भूसंपादनाचा नवा कायदाच केला, २०१६ला सुप्रीम कोर्टाने सिंगूरचं संपादन रद्द करून जमीन शेतकऱ्यांना परत द्यायला सांगितली, आणि २०२३ला लवादाने टाटा मोटर्सला ७६५.७८ कोटी नुकसानभरपाई ठरवून दिली, म्हणजे पंधरा वर्षांनी. आता ऑपरेशन्सच्या पेपरात प्लांट लोकेशनचे मुद्दे विचारतात, कच्चा माल, पाणी, वीज, वाहतूक, मजूर, आणि तुम्ही नऊ मुद्दे लिहून येता. जमीन देणाऱ्याची मर्जी हा दहावा मुद्दा मी आजवर फार कमी उत्तरपत्रिकांत पाहिलाय. आणि प्लांट हलवायचा म्हणजे नुसती मशीन ट्रकवर चढवायची नसतात, शेजारी येऊन बसलेले पार्ट बनवणारे व्हेंडर असतात, त्यांची शेडं असतात, त्यांची कर्जं असतात. गाडी बाजारात आली तेव्हा लोकांचा उत्साह शिगेला होता आणि मोठा कारखाना तयारच नव्हता. हातात गाडी यायला वाट बघावी लागली, तोवर उत्साह कुठे टिकतो.

फायनान्स एका वाक्यात सांगते, जरा लांब आहे. त्याच २००८च्या जूनमध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार लँड रोव्हर ही महागड्या गाड्यांची कंपनी साधारण २.३ अब्ज डॉलरना घेतली, थोड्या मुदतीचं मोठं कर्ज काढून, सप्टेंबरमध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली, जगभर पैसा आटला, आणि २००८-०९ला कंपनीचा एकत्रित तोटा अडीच हजार कोटींच्या घरात गेला, म्हणजे ज्या वर्षी नॅनोला हलवायचं, सांभाळायचं, नव्याने बांधायचं होतं त्याच वर्षी तिजोरीला भोक. कॅपिटल बजेटिंगच्या, म्हणजे मोठा पैसा कुठे गुंतवायचा त्याच्या गणितात एकच प्रोजेक्ट असतो आणि पैसे कुठून येतात ते दिलेलं असतं. खऱ्या कंपनीत दोन पोरं एकाच वेळी फी मागतात. आणि पुढे त्या महागड्या पोराने घर तारलं, हेही लक्षात ठेवा.

ऑर्गनायझेशनल बिहेवियर आणि एचआरबद्दल मी कमी बोलणारे, कारण हे विषय आपल्याकडे ज्या पद्धतीने शिकवतात ती मला फारशी पटत नाही. माणसाच्या गरजांच्या पायऱ्या दाखवणारा मास्लोचा पिरॅमिड १९४३च्या पेपरवरून आला, कामगार कशाने जास्त काम करतात ते बघणारे शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग १९२४पासूनचे, त्यांच्या निष्कर्षांवर नंतर भरपूर वाद झाले, पण आपल्या गाईडमध्ये वाद येत नाही, फक्त आकृती येते. त्यापेक्षा जुलै २०१२मध्ये मारुतीच्या मानेसर प्लांटमध्ये काय झालं ते वाचा. कामगारांच्या हिंसाचारात एका एचआर अधिकाऱ्याचा जीव गेला. शेजारी शेजारी उभं राहून एकच काम करणारे कायम आणि कंत्राटी कामगार आणि त्यांच्या पगारातली तफावत, हा प्रश्न कॉस्ट शीटवर मजुरी नावाच्या एका ओळीत मावून जातो. एचआर घेणाऱ्यांना ती ओळ वाचता आली पाहिजे, आणि फायनान्स घेणाऱ्यांना तिच्यामागची माणसं दिसली पाहिजेत.

स्ट्रॅटेजी तुम्हाला शेवटी येईल, तेव्हा बघू, आत्तापासून पोर्टरच्या फाइव्ह फोर्सेसच्या (धंद्यातली स्पर्धा मोजायच्या पाच मुद्द्यांच्या) पोस्ट लिंक्डइनवर टाकू नका म्हणजे झालं.

आता पुढच्या महिन्यापर्यंतचं काम. पाच पाच जणांचे ग्रुप करा, आणि ग्रुपमध्ये बीकॉमवाले, इंजिनिअर, बीएवाले, फार्मसीवाले मिसळून घ्या, मित्र मित्र बसू नका. शेअर बाजारात लिस्ट झालेली एक कंपनी निवडा, शक्यतो जिचं सामान तुमच्या घरात आहे. तिचा वार्षिक अहवाल बीएसईच्या, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या साइटवर फुकट मिळतो, तीनशे पानांचा असेल, सगळा वाचायचा नाही. चेअरमनचं पत्र सोडा, ते सगळ्यांचं सारखंच असतं. थेट कॅश फ्लो स्टेटमेंटवर जा, नफा आणि धंद्यातून आलेली रोकड यांत किती फरक आहे ते बघा, आणि फरक मोठा असेल तर पैसे कुठे अडकलेत ते शोधा, उधारीत की गोडाऊनमध्ये की आणखी कुठे. मग तुमच्या गावातल्या दोन दुकानदारांना विचारा की त्या कंपनीचा माल उधारीवर येतो की रोख, आणि किती दिवसांच्या. इंजिनिअर मंडळींनी अकाउंट्सचा भाग मांडायचा, बीकॉमवाल्यांनी दुकानदाराचा. पीपीटी नको, दोन पानं हाताने लिहून आणा.