शिक्का बिजागरीवर की खोक्यावर?

(सोलापुरातील हार्डवेअर व्यापारी, फॅब्रिकेटर आणि सुतार यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, या टेबलावर दोन बिजागऱ्या आहेत. दोन्ही चार इंची, दोन्ही पोलादी, आणि दोन्हींच्या खोक्यांवर '१२ गेज', म्हणजे पत्र्याच्या जाडीचा क्रमांक, छापलंय. आता जाडी मोजायला व्हर्नियर लावू. पहिलीचं पातं २.६ मिलिमीटर भरलं. बारा गेज म्हणजे २.६४, तेव्हा ही ठीक. दुसरीचं भरलं २.१. हे चौदा गेज झालं, कारण चौदा म्हणजे २.०३. गिऱ्हाइकाला हा अर्ध्या मिलिमीटरचा फरक दिसत नाही. दाराला मात्र दिसतो, पण वर्षा-दोन वर्षांनी.

तो कसा दिसतो, तेवढं एक गणित करू. सात फूट बाय तीन फूट, ३५ मिलिमीटर जाडीचं भरीव फ्लश दार साधारण ४० किलोचं असतं. त्याचा भार बिजागरीपासून दीड फुटावर, म्हणजे ०.४५ मीटरवर धरा. वरची आणि खालची बिजागरी यांत १.६५ मीटर अंतर आहे. ४० गुणिले ०.४५ भागिले १.६५, उत्तर येतं सुमारे ११ किलो. एवढ्या जोराने वरची बिजागरी सतत चौकटीतून बाहेर ओढली जाते. आता वीस किलोचं पोर हँडलला लोंबकळलं, की हा ओढा जवळपास दुप्पट होतो. पातळ पातं गाठीपाशी, म्हणजे पिनेभोवती वळवलेल्या भागाशी, उघडतं, पिन सैल होते, दार खाली बसतं आणि फरशी घासायला लागतं. मग सुतार येतो, रंधा मारून दार खालून कमी करतो. आजार वरच्या बिजागरीचा आणि ऑपरेशन दाराच्या पायाचं!

आता कायद्याकडे वळू. इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. भारतीय मानक असणं वेगळं आणि ते सक्तीचं असणं वेगळं. पोलादी बट बिजागरीचं मानक आयएस १३४१, पितळी-अॅल्युमिनियमचं आयएस २०५, पार्लमेंट बिजागरीचं आयएस ३६२, पियानो बिजागरीचं आयएस ३८१८. टॉवर बोल्टचं २०४, हँडलचं २०८, आपण ज्याला अल्ड्रॉप म्हणतो त्या कुलूप लावायच्या सरकत्या कडीचं २८१, हायड्रॉलिक डोअर क्लोजरचं ३५६४. यांतली बरीच मानकं जुनी आहेत आणि मुळात ती ऐच्छिक. पाळली तर आयएसआयचा शिक्का घ्या, नाही तर तुमची मर्जी.

सक्ती येते ती गुणवत्ता नियंत्रण आदेशाने, ज्याला बाजारात सगळे 'क्यूसीओ' म्हणतात. भारतीय मानक ब्यूरो अधिनियम २०१६, कलम १६ खाली केंद्र सरकार तो काढतं. बिजागऱ्यांसाठी असा आदेश निघालेला आहे. आदेशाला एक तक्ता जोडलेला असतो. त्यात मालाचं नाव आणि मानक क्रमांक असतो. तुमचा माल त्या तक्त्यात असेल तरच सक्ती. त्यामुळे 'आता सगळ्या हार्डवेअरला आयएसआय लागतं' असं कोणी सांगितलं तर तक्ता मागा. या आदेशांच्या तारखा पुढे सरकतात, लघु आणि सूक्ष्म उद्योगांना बहुधा जादा मुदत मिळते, क्वचित आदेश मागेही घेतले जातात. म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या कागदावर दुकान चालवू नका. राजपत्रातली ताजी प्रत काढा, आणि तिच्यानंतर दुरुस्ती निघाली आहे का तेही बघा.

कलम १७ काय म्हणतं? आदेशातला माल शिक्क्याशिवाय बनवायचा नाही, आयात करायचा नाही, विकायचा नाही. आणि विक्रीसाठी साठवायचा किंवा मांडायचाही नाही. 'आम्ही बनवत नाही, फक्त विकतो' हे उत्तर इथे चालत नाही. दुकानदाराला स्वतःचा परवाना लागत नाही, पण गोदामातल्या मालाची जबाबदारी त्याचीच. कलम २९ मधली शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पहिल्या वेळी किमान २ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर किमान ५ लाख. दंड मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो.

शिक्का वाचायचा कसा? आयएसआय चिन्हाच्या वर मानक क्रमांक असतो, उदाहरणार्थ आयएस १३४१. खाली 'सीएम/एल' आणि पुढे परवाना क्रमांक. हे दोन्ही आकडे नसतील तर ते नुसतं चित्र. मोबाइलवर मानक ब्यूरोचं 'बीआयएस केअर' अॅप घ्या, परवाना क्रमांक टाका. उत्पादकाचं नाव, पत्ता, मानक आणि परवाना चालू आहे की बंद, हे समोर येतं. हाताला सवय झाली की एका खोक्याला मिनिटभरही लागत नाही.

आणि इथेच खरी गंमत आहे. परवाना मिळतो तो एका कारखान्याला, एका पत्त्यावर, एका मानकासाठी आणि त्यातल्या ठरलेल्या प्रकार-आकारांसाठी. ब्रँडला नाही, कंपनीच्या सगळ्या मालाला नाही. त्यामुळे घोटाळे कुठे होतात बघा. टॉवर बोल्टचा परवाना खरा असतो आणि त्याचाच क्रमांक बिजागरीच्या खोक्यावर छापलेला असतो. अॅपमध्ये क्रमांक चालू दिसतो, पण वर मानक २०४ येतं. किंवा परवाना असतो तीन आणि चार इंचीचा, आणि माल येतो पाच इंची. किंवा कारखाना एका गावाचा आणि खोक्यावर पत्ता दुसराच. 'आयएसआय टाइप', 'आयएसआय क्वालिटी', 'अॅज पर आयएस' असं छापलेला माल तर सरळ बाजूला ठेवा. या शब्दांना काडीची किंमत नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ते सांगतं माल कुठला. हा शिक्का सांगतो माल कसा. दोन्ही चिन्हं एकाच नजरेने वाचायची सवय आपल्या बाजाराला आहे, ती मोडा.

कच्च्या बिलावर माल घेण्याची खोडही आता महाग पडेल. पक्क्या बिलावर मालाचं नाव, माप, मानक आणि परवाना क्रमांक लिहून घ्या. खोक्यावर बॅच किंवा महिना-वर्ष असेल तर तेही. जुना साठा असेल तर आदेशात त्यासाठी काही मुदत आणि जाहीर करण्याची पद्धत दिली आहे का ते वाचा, आणि साठ्याची यादी वेगळी ठेवा.

बाहेरून माल आणणाऱ्यांसाठी एकच वाक्य: परवाना परदेशातल्या कारखान्याने घ्यायचा असतो, आयातदाराला मिळत नाही. भारतात त्या कारखान्याचा अधिकृत प्रतिनिधी लागतो. कंटेनर बंदरात उतरल्यावर हे शोधायला बसलात तर वेळ गेलेली असते.

एमआयडीसीत छोटा प्रेस लावून बिजागऱ्या काढणाऱ्यांनी मात्र घाबरू नये. क्रम असा. आधी मानक विकत वा मोफत उतरवून घ्या आणि ब्यूरोच्या संकेतस्थळावरचं त्या मालाचं 'प्रॉडक्ट मॅन्युअल' वाचा. कुठली चाचणी कारखान्यात करायची, किती मालामागे एक नमुना, कुठली उपकरणं हवीत, हे तिथे असतं. मग ब्यूरोच्या 'मानक ऑनलाइन' पोर्टलवर अर्ज. अर्जाची फी १,००० रुपये, शिवाय वार्षिक परवाना फी १,००० आणि मालानुसार ठरणारी किमान मार्किंग फी, म्हणजे शिक्का वापरण्याची फी. सूक्ष्म उद्योगांना तिच्यात सवलत आहे. सरळ मार्गाने गेलात तर अधिकारी येतात, कारखाना बघतात, नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. सोप्या मार्गात मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आधीच जोडायचा असतो, वेळ वाचतो. परवाना सुरुवातीला एक-दोन वर्षांचा मिळतो, पुढे नूतनीकरण.

अर्ज अडतो तो बहुधा यंत्रांमुळे नव्हे, कागदांमुळे. उद्यम प्रमाणपत्रावर गाळा क्रमांक एक आणि वीजबिलावर दुसरा. व्हर्नियर-मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन संपलेलं. पत्र्याच्या कॉइलचं चाचणी प्रमाणपत्रच नाही, कारण कॉइल कटपीसवाल्याकडून घेतलेली. आणि परवाना मिळाल्यावरचं दुखणं म्हणजे चाचणी रजिस्टर. महिन्याची पानं एकाच दिवशी, एकाच पेनाने, सगळीकडे २.६४! खरं मोजमाप कधी इतकं सरळ येत नाही. अधिकारी पहिल्या नजरेत ओळखतो.

एक प्रश्न आला आहे: स्टेनलेस स्टील ३०४ आहे की नाही, हे चुंबकाने कळतं का? नाही. ३०४ ला चुंबक जवळजवळ लागत नाही, पण २०० मालिकेच्या स्वस्त स्टीललाही लागत नाही. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्त मालात निकेल कमी करून मँगेनीज घातलेलं. चुंबक फार तर ४३० ओळखून देईल, कारण त्या स्टीलला चुंबक लागतं. बाकी रासायनिक स्पॉट टेस्ट किंवा प्रयोगशाळा.

आता सुतारांसाठी. शिक्का बिजागरीवर आहे, तुमच्या हातोडीवर नाही. आठ नंबरचा स्क्रू अर्धा ठोकून शेवटचे दोन आटे फिरवले, की लाकडाचे रेषे फाटतात आणि तो स्क्रू खिळ्याइतकीच पकड देतो. अडीच ते तीन मिलिमीटरचं भोक पाडा, मग पूर्ण फिरवून बसवा. तिन्ही बिजागऱ्यांच्या पिना एका सरळ रेषेत हव्यात. मधली दोन मिलिमीटर जरी बाहेर गेली तरी दार बंद करताना चौकटीवर ताण येतो, आणि सगळ्यात आधी तिचेच स्क्रू सुटतात.

शेवटचं, कारण ही तक्रार तुमच्याच काउंटरवर येते: 'आयएसआय घेतली तरी गंजली.' नव्या घराचा ताबा देण्याआधी फरशीवरचं सिमेंट काढायला अॅसिड मारतात. त्याचे शिंतोडे आणि वाफ दाराच्या खालच्या भागावर बसते. गिऱ्हाइकाला तिन्ही बिजागऱ्यांचे फोटो मागवा. तिन्ही सारख्याच गंजल्या असतील तर प्लेटिंग कच्चं आहे. बिल काढा आणि माल उत्पादकाकडे परत पाठवा. फक्त खालची आणि खालचा टॉवर बोल्ट गंजला असेल, वरची चकचकीत असेल, तर अॅसिड कोणी मारलं ते आधी विचारा.