नाण्यावर चालणारा घोडा

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

पत्रिकेत माझा विषय ‘नाण्यावर चालणारी करमणुकीची यंत्रे : एक जोडधंदा’ असा छापला आहे, आणि या धंद्यात महिन्याकाठी किती सुटते एवढेच ऐकायला निम्मी मंडळी आली असणार, हे मी जाणून आहे. तो हिशेब मी सांगणारच आहे. परंतु त्याआधी नाण्याविषयी बोलणे भाग आहे, कारण इचलकरंजीत यंत्रमागांवर फिटरची नोकरी सांभाळून मी जी यंत्रे चालवली, त्यांचा खरा मालक मी नव्हतो, नाणे होते.

माझे पहिले यंत्र म्हणजे खेळण्यांच्या दुकानाबाहेर ठेवलेला, लहान मुलांना बसवून डुलणारा घोडा. एक रुपयाची दोन नाणी टाकली की तो दीड मिनिट डुले. खाचेच्या आत एक तोललेला पाळणा असतो. व्यासाने लहान नाणे त्याच्या दोन दांड्यांमधून खाली निसटते आणि परत मिळते; वजनाने हलके नाणे पाळणा उलटवू शकत नाही; नेमके नाणे आले तरच तो कलतो. त्यापुढे लोखंडी तुकडे धरून ठेवणारा लोहचुंबक असतो. पण १९९२ पासून आपला रुपया ज्या पोलादाचा झाला, त्यालाही चुंबक धरतो. म्हणून तो चुंबक काढावा लागला, आणि चुंबक निघाल्याचे आमच्या गावातील मुलांना माझ्याआधी कळले. ज्या गावात घरटी माग, तेथे नाण्याऐवजी टाकायला लोखंडी चकत्यांना, म्हणजे वॉशरला, काय तोटा? पहिल्या महिन्यात गल्ल्यात एकोणीस निघाले, त्यांतील काही माझ्याच कारखान्यातले असावेत.

पण वॉशरची तक्रार मी करत नाही, निदान ते वापरता तरी आले. तक्रार आहे ती २०११ ची. त्या वर्षीच्या मालिकेत रुपया २२ मिलिमीटरचा झाला आणि दोन रुपयांचे नाणे २५ मिलिमीटरचे, ४.८५ ग्रॅमचे झाले, म्हणजे व्यासाने आणि वजनाने थेट जुन्या रुपयाएवढे. आता घोड्यासमोर उभ्या असलेल्या बापाची कल्पना करा. तो नवे दोन रुपये टाकतो, भाडे पुरे झाले असे समजतो आणि वाट पाहतो. घोडा हलत नाही, कारण त्याच्या लेखी एकच रुपया आला आहे. पोरगे रडू लागते, बाप आणखी दोन रुपये टाकतो, घोडा डुलतो, आणि बाप दुकानदाराला लुटारू ठरवून जातो. ज्याच्याकडे नवे सुटे रुपये होते, त्याची दोन्ही नाणी घोड्याने परत केली!

महिनाअखेरीस मोजणी झाली. यंत्राच्या आकडेदर्शकावर १४० फेऱ्या होत्या, म्हणजे २८० रुपये हवेत, निघाले ३९१. आपल्याला वाटेल की मी पेढे वाटले असतील. उत्पन्नात निम्मा वाटा असलेल्या दुकानदाराने मात्र शांतपणे विचारले, “म्हणजे एवढी वर्षे हे वरचे पैसे कुठे जात होते?” गल्ला कमी भरल्यावर संशय येतो हे मला ठाऊक होते, जास्त भरल्यावर येणाऱ्या संशयाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी दोन्ही नाणी त्यांच्या तळहातावर ठेवून समजावले. ते त्यांनी ऐकले, पण पुढे मोजणीला त्यांचा भाचा बसू लागला.

२०१९ च्या मालिकेत पाच रुपयांचे नाणे २५ मिलिमीटरचे झाले आणि दोन रुपयांचे २३ मिलिमीटरचे, म्हणजे जुन्या पाचाच्या व्यासाचे. दृष्टिहीनांना ओळखता यावीत म्हणून ती नाणी घडवली गेली, त्यामुळे त्यांवर बोलताना मी जीभ आवरतो. पण ब्रिटनमध्ये २०१७ साली बारा बाजूंचा नवा पौंड आला, त्याआधी यंत्रवाल्यांना चाचणीची नाणी दिली गेली होती. आपल्याकडेही असे व्हावे, एवढेच माझे मागणे आहे.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा हिशेब भरभर सांगतो. यंत्र जुने घ्यावे, पण मोटार उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. जागा दुकानदाराची, वीज त्याच्याच मीटरवरची आणि वाटा निम्मा, हे लेखी असावे. मे महिना आणि जत्रा यांवर वर्ष निघते. पावसाळ्यात बाहेरचे यंत्र झाकूनच ठेवावे लागते. बक्षीस देणारे यंत्र घेण्यापूर्वी वकिलाला विचारावे, कारण १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा केवळ कौशल्याच्या खेळाला सूट देतो, नशिबाच्या नाही. चिल्लर साठवू नये. रुपया व त्यावरील नाण्यांनी हजार रुपयांपर्यंतचेच देणे कायद्याने फेडता येते. आणि शक्य तेथे पितळी टोकन ठेवावे, त्याचा व्यास आपल्या हातात राहतो. मुलांच्या खिशात विसरलेली टोकने हा त्यातला किरकोळ नफा.

घोड्याची ती खाच मी पिशवीत आणली आहे. ज्यांच्याकडे जुना रुपया आणि २०११ चे दोन रुपये असतील, त्यांनी चहाच्या वेळी स्वतः टाकून पाहावे.