मागच्या चाकांचा आवाज: आधी कान, मग पाना

मंडळी, बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओ, ईको... आपल्या भागात या गाड्या घरटी नसल्या तरी गल्लीगणिक आहेत. इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. मधे ओढ मागे नेणारा लांब दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, त्याचे वाकते सांधे म्हणजे क्रॉस, ती ओढ दोन चाकांत वाटणारं डिफरन्शियल, चाकं फिरवणारे अ‍ॅक्सल, बेअरिंग. यातलं काहीही बिघडलं तरी मालकाची तक्रार एकच, "मागून आवाज येतोय." म्हणून माझा हट्ट आहे: रस्त्यावर चालवून ऐकल्याशिवाय कुणालाही डिफरन्शियलचं कवच, म्हणजे हाऊसिंग, उघडू देऊ नका.

वाईकडचे एक दूधवाले काका बोलेरो घेऊन आले होते. चाळीसच्या पुढे घुंऽऽ असा आवाज. आधीच्या गॅरेजने मागची बेअरिंगं बदलली, मग डिफरन्शियलमधली दात्यांच्या गिअरची जोडी, क्राऊन-पिनियन, तीही नवी टाकली. काका म्हणाले, "दादा, पैसं गेलं, आवाज हाय तसाच हाय."

मी त्यांच्या शेजारी बसलो. साठच्या वेगात त्यांना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायला लावला. आवाज तसाच. पुन्हा दाबायला लावला, तरी तसाच. क्राऊन-पिनियनच्या दातांवरचा भार बदलला की त्यांचा सूर बदलतो. इथे बदललाच नाही. मोकळा रस्ता बघून गाडी हलकेच डावी-उजवी झुलवली. बेअरिंग गेलेलं असतं तर वजन त्या बाजूला येताच गुणगुण वाढली असती. तीही वाढेना. मग डांबर संपून सिमेंटचा रस्ता लागला आणि घुमणं एकदम पालटलं! रस्ता बदलल्यावर आवाज बदलतो तेव्हा पहिला संशय टायरवर घ्यायचा.

थांबून मागच्या टायरवरून तळहात फिरवला. एकीकडून गुळगुळीत, उलटा फिरवला तर करवतीचे दाते. मागचे टायर पुढे टाकले, आवाजही पुढे आला. आणि टायर असे का झिजले? मागचे दोन्ही शॉकअप तेल सोडून बसले होते, चाक रस्त्यावर थडथड नाचत होतं.

मला राग येतो तो याचा. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांशी घासून जोडीने तयार होतात. अशी चांगली चाललेली जोडी भंगारात गेली. नवी बसवताना दातांना रंग लावून ठसा बघावा लागतो, शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, बसवणूक जुळवावी लागते. तसलं काही केलेलं काकांनी पाहिलं नव्हतं. दुधावर घर चालवणाऱ्या माणसाचे पैसे अंदाजावर उडवायचे नसतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, त्यामुळे उरलेलं भरभर सांगतो.

गाडी निघताना किंवा रिव्हर्स टाकताना 'ठक्' वाजलं तर आधी क्रॉस बघा. अमेरिकेच्या क्लॅरेन्स स्पायसर यांनी १९०३ साली आपल्या युनिव्हर्सल जॉइंटचं, म्हणजे अशाच सांध्याचं, पेटंट घेतलं. त्याआधी पुष्कळ मोटारींची मागची चाकं साखळीने फिरत. हळू चालताना चिर्र-चिर्र आणि क्रॉसच्या टोपीभोवती तांबडी भुकटी दिसली, तर आतलं ग्रीस संपलंय. शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर (टोकाच्या जोडचकतीवर) आणि सरकत्या जोडावर खूण करा. जोड फिरून बसला तर गाडी थरथरते, आणि मग लोक चाकं बॅलन्स करत बसतात.

फक्त ओढताना किंवा फक्त सोडताना सूर निघाला तर डिफरन्शियलकडे वळा. मात्र आधी तेलाची पातळी बघा. तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच घाला. क्राऊन-पिनियनच्या हायपॉइड दातांना बहुतेक ठिकाणी जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. फक्त वळणावर कटकट असेल तर आतले छोटे गिअर तपासा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला खर्र होत असेल तर ब्रेकचा ड्रम उघडून लायनर आणि स्प्रिंगा बघा. गाडीखाली जाताना जॅकवर विसंबू नका, स्टँड लावाच.

एक राहिलं. पिनियनचं तेल अडवणारं सील बदलायला नट सोडणार असाल तर आधी नट आणि शाफ्टवर खूण करा. बऱ्याच गाड्यांत पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये दबणारी नळी असते. नट गरजेपेक्षा जास्त आवळला की बेअरिंगवर ताण येतो, आणि सील बदलायला आलेली गाडी आवाज घेऊन परत जाते. ज्यांनी गाडी आणलीय त्यांनी खाली थांबा, एकेक फेरी मारून ऐकू.