किंमत खोक्याच्या बुडाला

(भिंगाखाली पिवळी गाडी, पडदाभर. मागं रस्त्याचा आवाज.)

पिवळी जॉर्डन, शर्यतीच्या गाडीची छोटी प्रतिकृती, नाकावर 19 आकडा. 2005 साली जॉर्डन संघाची खरी गाडी नारायण कार्तिकेयन चालवत होता, फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. त्याच वर्षी अमेरिकेत इंडियानापोलिसच्या शर्यतीत मिशेलिनच्या टायरांवरून घोळ झाला. 14 गाड्या एक फेरी मारून माघारी गेल्या आणि उरलेल्या सहांत कार्तिकेयन चौथा आला. 5 गुण मिळाले. सहांत चौथा, त्यात काय मोठं, असं म्हणणारे आजही भेटतात. त्यांनी ही छोटी गाडी विकत घ्यायला निघावं, मग कळेल.

भिंग धरलेला हात मामांचा आहे. बेळगावात, शहापूरच्या खडेबाजारातनं आत वळलं की एक बोळ लागतो, तिथं तळमजल्यावर त्यांची खोली, अशा छोट्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीची. बाहेर पाटी नाही. कॅमेऱ्यापुढं नाव सांगायला ते तयार नव्हते. "मामा म्हणतात सगळे, तेवढं पुरे की."

गाडी खऱ्या मापाच्या त्रेचाळीसाव्या हिश्शाची. पण मामा आधी गाडी बघतच नाहीत. खोकं उलटं करतात. गाडी पाटावर स्क्रूनं बसवलेली असते, त्या स्क्रूच्या खाचेवर ओरखडा आहे का, ते बघतात. ओरखडा असला म्हणजे कुणीतरी गाडी काढून हाताळलेली आहे. मग आरसे. आरशाचा दांडा काडीपेक्षा बारीक, आणि तुटला की लोक फेव्हिक्विक लावतात. फेव्हिक्विक वाळलं की भोवती पांढरट धूर धरतो. तो धूर नुसत्या डोळ्याला दिसत नाही. हे भिंग पलीकडच्या सराफाचं आहे. शहापुरात सराफांना तोटा नाही.

(चिठ्ठीवर पेन. अक्षर स्पष्ट दिसेपर्यंत थांबा.)

वाचा : "डावा आरसा चिकटवलेला. खोक्याचा एक कोपरा दबलेला. स्टिकर सगळे मूळचे." खाली किंमत, सात हजार. चिठ्ठी खोक्याच्या बुडाला चिकटते. या खोलीतल्या प्रत्येक खोक्याच्या बुडाला अशी चिठ्ठी आहे. आधी दोष, मग किंमत.

या धंद्यात ही पद्धत सर्रास नाही. मोबाईलवर गाडीचा फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, "किंमत पर्सनलवर विचारा". विचारणाऱ्याचा आवाज, शहर, उतावळेपणा बघून आकडा ठरतो. पुण्याच्याला एक, बेळगावच्याला दुसरा. आम्ही हे चित्रण ज्याच्यासाठी करतोय तो मुद्दा हाच आहे, तेव्हा आडपडदा ठेवत नाही.

(उद्यमबाग. भट्टी. वितळलेलं लोखंड लॅडलमधनं साच्यात.)

आता थोडं मागं जाऊ. मामा उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, पॅटर्नमेकर होते. बेळगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला कुंदा आठवतो. ज्यांचं पोट इथल्या कारखान्यांवर आहे त्यांना फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, आठवते. पंपाची, मोटारीची, मशीनची कितीतरी ओतीव अंगं इथं घडतात.

ओतकामाची सुरुवात लाकडापासून. जो जॉब, म्हणजे जो भाग, लोखंडात हवा, तो आधी लाकडात करायचा. हा पॅटर्न. पण मूळ मापाचा करून चालत नाही, कारण ओतीव लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न साधारण एक टक्का मोठा. त्यासाठी पॅटर्नमेकरकडं वेगळी पट्टी असते, तिच्यावरचा इंच नेहमीच्या इंचापेक्षा किंचित लांब. ही बघा मामांची पट्टी, आकडे झिजलेत. पॅटर्नच्या उभ्या भिंतींना जरा तिरपा उतार द्यावा लागतो, नाहीतर वाळूतनं काढताना साचा फुटतो. साचा दोन भागांचा, वरचा आणि खालचा, आणि ते जिथं मिळतात तिथं जॉबवर एक रेघ उमटते. पार्टिंग लाइन. ती रेघ कुठं पाडायची हे ठरवण्यात पॅटर्नमेकरचं कसब.

आता हाच माणूस खेळण्यातली गाडी हातात घेतो तेव्हा काय बघतो ते लक्षात येईल.

(कॅमेरा गाडीच्या बाजूनं सरकतो.)

या गाड्याही ओतीवच. फक्त लोखंडाऐवजी जस्ताचा मिश्रधातू, त्यात थोडं ॲल्युमिनियम. लोखंड ओततात 1400 अंशांच्या आसपास, हा धातू 400 च्या आतबाहेर पातळ होतो. वाळूचा साचा नाही, पोलादी साचा, डाय. धातू दाबानं आत मारतात, म्हणून दाराच्या फटीसुद्धा उठतात. आणि पार्टिंग लाइन इथंही असतेच. चांगला कारखाना ती कडेच्या घडीत लपवतो. स्वस्तातला कारखाना ती सरळ चाकाच्या कमानीवरनं नेतो आणि वर जाड रंग मारतो. मामा नखानं ती रेघ शोधतात. सापडली की हसतात.

आपल्याकडं मुलांच्या हातात सगळ्यात जास्त दिसते ती हॉट व्हील्स. मॅटेलनं 1968 साली काढली, माप चौसष्टावं. 1995 पासून कंपनी त्यात ट्रेझर हंटच्या मोजक्या गाड्या मिसळते, हल्ली अंगावर ज्वाळेची बारीक खूण असलेल्या. 2007 पासून त्यांतल्या काही सुपर, रबरी टायर आणि खास चमकीचा रंग. किंमत खोक्यावर छापली असेल तीच. पण माल दुकानातल्या हुकाला लागायच्या आधीच कुणीतरी सुपर उचलून नेलेली असते आणि संध्याकाळी ती वीसपट भावात मोबाईलवर येते.

मागणी वाढली तशा नकला आल्या. साधी गाडी घ्यायची, रबरी चाकं चढवायची, रंग मारायचा. त्यासाठी बूड उघडावं लागतं, आणि बूड बसलेलं असतं रिव्हेटवर. रिव्हेट ड्रिलनं काढल्याशिवाय गाडी उघडत नाही. इथं बघा. डावीकडं कंपनीचा रिव्हेट, गोल आणि मळकट. उजवीकडं ड्रिल मारलेला, मधोमध चकाकी. ही उजवीकडची गाडी एका कॉलेजच्या पोरानं खरी समजून घेतली होती. त्याचे पैसे बुडाले ते बुडाले.

(हिरवट, चिरा पडलेली जुनी गाडी, कापसावर.)

ही कॅम्पातल्या, म्हणजे बेळगावच्या लष्करी छावणीतल्या, एका जुन्या बंगल्यातल्या सामानातनं आली. डिंकी. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनं 1934 पासून या नावानं गाड्या विकल्या. कॅम्पात गोऱ्यांची पलटण होती, त्यांची पोरं होती, तेव्हा ती इथं कशी पोचली याचं कोडं पडायला नको. पुढं याच कंपनीचे साचे कोलकात्याला आले आणि त्यातनं निकी नावाच्या गाड्या निघाल्या, त्याही आता शोधाव्या लागतात.

या डिंकीला चिरा का पडल्या? जस्तात शिसं मिसळलं होतं. अगदी किंचित. पण तेवढ्यानं धातू आतनं फुगतो, वर्षानुवर्षं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या कितीतरी गाड्या अशा मोडल्या. याला औषध नाही. चिठ्ठीवर मामांनी लिहिलंय, "धातू गेलेला. विकायची नाही."

(निपाणी. महामार्ग. वाळत घातलेला तंबाखू.)

मामा मूळ निपाणी भागातले. घरात तंबाखू. शेतकऱ्यानं पान पिकवायचं, वाळवायचं, आणि प्रत कुठली, वजनात तूट किती, पैसे कधी, हे सगळं व्यापाऱ्यानं ठरवायचं. 1981 साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या हाकेवर शेतकरी याच महामार्गावर येऊन बसले. गोळीबार झाला, माणसं मेली. मामांचे वडील त्या रस्त्यावर होते. आपल्या मालाचा भाव आपल्यालाच माहीत नसतो, हे मामांनी घरात बघितलेलं आहे.

आणि गंमत बघा, शर्यतीच्या गाड्यांना कित्येक वर्षं पोसलं तेही तंबाखूनंच. 1968 पासून सिगारेटचे छाप गाड्यांवर चढले आणि युरोपात बंदी आल्यावर उतरले. आमच्या निपाणीचा तंबाखू विडीचा, त्याला तसली जागा कुठली मिळायला! पण त्या छापांमुळं एक अडचण झाली. ही लाल-पांढरी मॅक्लॅरन, एमपी फोर बार फोर. 1988 साली 16 पैकी 15 शर्यती हिनं जिंकल्या, सेन्ना आणि प्रॉस्त या दोन चालकांनी मिळून. पण गाडीच्या अंगावर सिगारेटचं नाव छापायचं नाही म्हणून छोटी गाडी कोऱ्या जागांसह येते. हौशी माणूस वेगळे डेकल, म्हणजे पातळ छाप, मागवतो, पाण्यात भिजवून चिमट्यानं बसवतो. मग ही गाडी मूळची म्हणायची की बदललेली? बाजारात दोन्ही बोलणारे आहेत. मामा नुसतं लिहितात, "डेकल नंतर लावलेले, काम चांगलं", आणि किंमत वाढवतही नाहीत, पाडतही नाहीत. मला हे पटत नाही, नीट बसवलेल्या डेकलला मेहनतीचे पैसे मिळायला हवेत. पण खोली त्यांची आहे.

(दोन लोखंडी ट्रंका. झाकण उघडतं.)

टिळकवाडीतनं एक वहिनी आल्या. त्यांचे यजमान जहाजावर होते, बंदराबंदरातनं गाड्या आणायचे. ते गेल्याला बरेच दिवस झाले. एकजण घरी येऊन सगळ्या ट्रंकांचे मिळून उक्ते पंधरा हजार देतो म्हणाला होता. वहिनींना तो आकडा मोठा वाटला होता.

मामांनी चटई टाकली. खोक्यातल्या एका बाजूला, उघड्या दुसऱ्या बाजूला. मग मापाप्रमाणं. मग बूड वाचायचं, कुठं बनली. एकीच्या बुडाला मेड इन पोर्तुगाल, तिथं व्हितेस नावाची कंपनी होती, तिच्या गाड्या अजून धरून असतात. सगळ्यात बारक्या गाड्यांत मुलांनी खेळलेल्या बऱ्याच, रंग उडालेल्या. त्या मामांनी वेगळ्या ठेवल्या आणि म्हणाले, "ह्या घरी न्या वहिनी, नातवंडांस्नी द्या. ह्यात काय मिळायचं न्हाई."

यादीला दोन रकाने. पहिल्यात, मी आज रोख किती देईन. दुसऱ्यात, तुमच्या वतीनं विकली तर किती येईल, त्यातले दहा टक्के माझे. दोन्ही आकडे विकणाऱ्यासमोर. परदेशात तशी गाडी खरोखर कितीला गेली ते मामा आधी बघतात. कुणी किती मागितलंय ते बघत नाहीत. "मागतंय की कुणीबी. दिलं किती ते सांगा." त्यात टपालखर्च मिळवायचा, मग जकात. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं, 2023 ला 70 वर. शिवाय 2021 पासून प्रमाणपत्राशिवाय खेळणी आणता येत नाहीत. म्हणून इथं असलेल्या गाडीला इथं भाव जास्त. हा फायदा आजवर दुकानदार खायचा. मामांच्या रकान्यात तो वहिनींकडं जातो.

(यादीवर वहिनींचं बोट. त्या थांबतात. आवाज नाही.)

पहिल्या ट्रंकेतल्या बहुतेक गाड्या विकल्या गेल्या, पैसे खात्यावर जमा झाले.

(रविवार. टेबल. गर्दी.)

रविवारी टेबल मांडलेलं असतं. कोल्हापूरहून एक तरुण त्या जॉर्डनसाठी आलाय, ती वहिनींच्याच ट्रंकेतली.

"साडेसहाला द्या की मामा."

"बुडाला बघितलास काय?"

"बघितलं. आरसा चिकटवलेला आहे."

"म्हणून तर सात. आरसा मूळचा असता तर साडेआठ लिवलं असतं. ते आधीच वजा केलंय, आता परत कशाला वजा करतोस?"

पोरगा हसला. सात हजार दिले. मामांनी वहीत तारीख, गाडी, किंमत, आणि पुढं वहिनींच्या नावावर सहा हजार तीनशे असं मांडलं.

दुसरी ट्रंक अजून पूर्ण लावून व्हायची आहे. तिच्यात टायरेल आहे, शर्यतीची, खरंच सहा चाकांची. पुढं चार बारकी चाकं, मागं दोन मोठी. 1976 ला स्वीडनची शर्यत हिच्या मूळ गाडीनं मारली होती. पण यजमानांच्या ट्रंकेत पुढचं एक चाक नाही. वहिनी घरातली कपाटं पालथी घालताहेत. मामांनी तोवर चिठ्ठी लिहून ठेवलीय : "चाकं पाच. एक हजार आठशे. सहावं मिळालं तर पाच हजार."