घरी बांधलेल्या विमानाला फिक्स्ड पिच प्रॉप निवडताना

नमस्कार मंडळी, आवाज मागेपर्यंत येतोय ना? बरं. कांदिवलीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादवांनी विमान बांधलं ते तुम्ही सगळ्यांनी वाचलेलंच आहे, त्यामुळे घरी विमान होतं का हा प्रश्न आज कोणी विचारणार नाही. आज बोलायचंय ते फक्त विमानाच्या नाकावरच्या पंख्याबद्दल, म्हणजे प्रॉपेलर ऊर्फ प्रॉपबद्दल. आणि उदाहरणं बहुतेक अमेरिकेतली असतील, कारण हा छंद खरा फोफावला तिकडेच, १९५३ साली पॉल पोबेरेझनींनी ईएए ही घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना काढली तेव्हापासून, आणि किटची विमानं तिकडे हजारोंनी उडतायत.

तर प्रॉपवर दोन आकडे असतात, समजा ६८ बाय ७०. पहिला व्यास, इंचात. दुसरा पिच, म्हणजे एका फेऱ्यात प्रॉप कागदोपत्री किती इंच पुढे सरकेल तो. फिक्स्ड पिच म्हणजे हा दुसरा आकडा कारखान्यातच ठरला, हवेत बदलायचा नाही. एकाच गिअरमध्ये अडकलेली मोटरसायकल घेऊन खंडाळ्याचा घाटही चढायचा आणि एक्स्प्रेस वेवरही पळायचं, असा हा प्रकार. मग कॉन्स्टंट स्पीड, म्हणजे हवेत पिच बदलणारा प्रॉपच का घेत नाही, असं कोणीतरी विचारणारच, तर तो कितीतरी महाग, वजनाला जड, वर पिच सांभाळणारा गव्हर्नर आणि त्याची देखभाल आली. दोन सीटच्या साध्या विमानाला बहुतेक लोक फिक्स्डच लावतात आणि सुखी असतात.

सुखी कधी नसतात, तर पिच चुकला की. आणि तो चुकतो कसा ते बघा. हिशोब अगदी सोपा आहे, आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, गुणिले पिच, भागिले १०५६, की ताशी मैल मिळाले. समजा १६० हॉर्सपॉवरचं लायकमिंग इंजिन आहे, त्याची रेडलाइन, म्हणजे आरपीएमची कमाल मर्यादा, २७००. किटच्या ब्रोशरमध्ये टॉप स्पीड लिहिलाय १८० मैल. उलटा हिशोब केला की पिच येतो ७० इंच. स्लिप, म्हणजे प्रॉप हवेत घसरतो तो फरक, वगैरे धरून हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, शिवाय प्रत्येक कंपनी पिच वेगळ्या पद्धतीने मोजते, म्हणून एकाचा ७० म्हणजे दुसऱ्याचा ७० नव्हे हे डोक्यात ठेवा. पण आपला गडी खूश, ७० चा प्रॉप ऑर्डर केला, विमानाला अजून चाकंसुद्धा नाहीत आणि प्रॉप हॉलमध्ये भिंतीवर लटकतोय.

मग विमान उडतं, आणि स्पीड निघतो १६५. का? कारण ब्रोशरमधलं विमान कंपनीने घासूनपुसून तयार केलेलं होतं, तुमच्या विमानाला अजून व्हील पँट्स, म्हणजे चाकांवरची आवरणं, नाहीत, काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, फटीतून हवा गळतेय, अँटेना तीन लावलेत. १६५ ला तोच हिशोब पिच सांगतो साधारण ६५ इंच. म्हणजे तुम्ही पाचएक इंच जास्त घेऊन बसलात. आता थ्रॉटल पूर्ण पुढे आहे आणि इंजिन २५०० च्या आसपास अडकलंय, वर जायलाच तयार नाही. आणि आरपीएम कमी म्हणजे पॉवरही कमी, म्हणजे स्पीड अजून कमी, सगळं उलटंच.

इथेच माझं आजचं मुख्य म्हणणं आहे. पिच कमी पडला तर तुमच्या हातात उपाय असतो, टॅकोमीटर, म्हणजे आरपीएमचा काटा, रेडलाइनकडे सरकायला लागला की थ्रॉटल मागे घ्या, थोडा स्पीड गेला, बस. पिच जास्त झाला तर हातात काहीच नाही, थ्रॉटल फायरवॉलला टेकलेला आहे, अजून कुठे ढकलणार? म्हणून पहिला प्रॉप थोडा कमी पिचचाच घ्या. विमानाचा खरा स्पीड उडाल्याशिवाय कळत नाही, आणि तो कळेपर्यंत शेवटचा प्रॉप घेण्यात अर्थ नाही. लोक म्हणतात दोनदा खर्च कशाला, पण लाकडी प्रॉप विकला जातो, आणि मेटलचा पिच ठरावीक मर्यादेत प्रॉप शॉपमध्ये वाकवून बदलून मिळतो. एक इंच पिच बदलला की ढोबळमानाने ३०-४० आरपीएमचा फरक पडतो, त्यामुळे किती बदलायचा तेही उडवून आणलेल्या आकड्यांवरून कळतं.

आता टेकऑफकडे जरा नीट बघू, कारण गंमत तिथेच आहे. विमान ब्रेकवर उभं, फुल थ्रॉटल, टॅको दाखवतो २२००. तुम्ही पैसे १६० हॉर्सपॉवरचे दिलेत, पण ते २७०० ला मिळतात, २२०० ला मिळतात साधारण १३०. तीस घोडे तबेल्यातच. वर त्या क्षणी पात्याची अवस्था काय आहे? ६८ बाय ७० च्या प्रॉपचं पातं पाऊण त्रिज्येवर जवळजवळ २४ अंशात तिरकं असतं, आणि समोरून वारा तर येत नाही, म्हणजे पातं चक्क स्टॉलमध्ये, हवा पात्याला धरून न वाहता सुटून जाते त्या अवस्थेत, किंवा त्याच्या काठावर. प्रॉप हवेत स्क्रूसारखा घुसत नाही, तो फिरणारा पंख आहे, हे राइट बंधूंना १९०३ च्या आधीच कळलं होतं आणि म्हणून त्यांचे साडेआठ फुटी लाकडी प्रॉप त्या काळाच्या मानाने भलतेच चांगले निघाले. पंख म्हटला की स्टॉल आलाच. म्हणून स्टॅटिक, म्हणजे उभ्या विमानाच्या, आरपीएमवरून इंजिन ठीक आहे का ते कळतं, क्रूझला, म्हणजे सरळ प्रवासात, प्रॉप कसा वागेल ते फारसं कळत नाही. लांब पिचवाल्याने छोट्या रनवेवर, मे महिन्याच्या दुपारी, दोन माणसं बसवून उडायचं म्हटलं तर झाडं लवकर जवळ येतात.

व्यासाबद्दल पटकन सांगतो. जेवढा मोठा तेवढा चांगला, पण दोन गोष्टी आडव्या येतात. एक जमीन. प्रमाणित विमानांच्या जुन्या नियमात नोजव्हीलवाल्याला ७ इंच आणि टेलव्हीलवाल्याला ९ इंच क्लिअरन्स मागितलाय, तो घरच्या विमानानेही पाळावा, खडी स्वस्त असते प्रॉप नाही. दुसरी गोष्ट टोकाचा स्पीड. ६८ इंची प्रॉप २७०० ला फिरताना टोक सेकंदाला २४४ मीटर जातं, त्यात विमानाचा पुढचा स्पीड मिळवला की आवाजाच्या वेगाच्या पाऊण पट. व्यास ७६ केलात की ०.८३ वर जाता, आणि तिथून पुढे पॉवर जास्तकरून आवाज करण्यात जाते. विमानात फोक्सवॅगन मोटारीचं इंजिन लावून ३४०० ला फिरवणारे ५४ इंची लावतात, त्यांचं टोकही बरोबर २४४ नेच जातं, करून बघा हिशोब.

लाकूड की मेटल? मेटलचं पातं पातळ करता येतं म्हणून ते स्पीडला थोडं सरस, पावसात त्याची काळजी नाही. पण ते जड, आणि इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला त्यात कंपनं उठतात, म्हणून काही इंजिन-प्रॉप जोड्यांना ठरावीक आरपीएमवर रेंगाळायची मनाई असते किंवा रेडलाइनच खाली आणलेली असते. ती मर्यादा त्या जोडीवर चाचणी करून ठरवलेली असते. तुम्ही मध्येच हाय कॉम्प्रेशन पिस्टन किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलंत की ती चाचणी तुमच्या इंजिनाची राहिली नाही. फोक्सवॅगनच्या क्रँकवर, म्हणजे प्रॉप फिरवणाऱ्या इंजिनाच्या दांड्यावर, तर मेटल प्रॉप नकोच, क्रँक तुटतो. लाकूड स्वतःच कंपनं गिळतं, त्यामुळे तिथे लाकूडच बरं.

अमेरिकेत अजून एक व्यवहारी मुद्दा येतो. इंजिन आणि प्रॉपची जोडी प्रमाणित असेल तर टेस्ट फ्लाइंग साधारण २५ तासांचं, नसेल तर ४० तासांचं, अशी तिथली नेहमीची पद्धत. पण १५ तास वाचवायला नको तो प्रॉप घेऊ नका, ते तास उडण्याचेच असतात, शिक्षा नाही!

टॅकोमीटर तपासल्याशिवाय प्रॉपवाल्याला शिव्या देऊ नका. जुने मेकॅनिकल टॅको शंभरएक आरपीएमने सर्रास चुकतात. ऑप्टिकल टॅको, म्हणजे प्रकाशाची लुकलुक मोजणारा, आणा, दोन पात्यांवर सेट करा आणि आधी जुन्या ट्यूबलाइटकडे धरा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची म्हणून ३६०० दाखवायला हवा, आपल्याकडे ५० हर्ट्झ म्हणून ३०००. तो बरोबर आला की मगच प्रॉपकडे वळवा.

शेवटचं, लाकडी प्रॉपवाल्यांसाठी. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, बोल्ट त्याबरोबर सैल होतात. पहिल्या उड्डाणानंतर टॉर्क तपासा, मग २५ तासांनी, मग दर ५० तासांनी आणि ऋतू बदलला की तास न बघता. कोकण किनाऱ्यावर विमान ठेवणार असाल तर जास्तच. आणि हँगरमध्ये उभं करताना पाती आडवी ठेवा, उभी ठेवलीत तर ओल खालच्या पात्यात उतरते आणि बॅलन्स जातो. तीन पात्यांचं काय ते विचारणारे दोघंतिघं दिसतायत, या पुढे, चहा घेता घेता बोलू.