साखरेवरची लादी

रात्रभर पडून बर्फ पहाटे थांबला. आता आकाश धुतल्यासारखं निळं. गुलमर्गच्या गंडोलापुढे, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या दोरावरच्या पाळण्यांपुढे, रांग लागली आहे. भाड्याचे गमबूट घातलेले पुण्या-नाशिकचे पर्यटक, आणि त्यांच्यातच पाठीला फावडं बांधलेले चार स्कीअर. पर्यटक वर फोटो काढून त्याच पाळण्यातून खाली येतील. हे चौघे मात्र आखलेला उतार सोडून पलीकडे जायला निघालेत.

दुसऱ्या टप्प्याचा पाळणा अफरवट डोंगराच्या धारेवर, सुमारे ३,९५० मीटर उंचीवर आणून सोडतो. पायी चढणाऱ्याला वाटेत बर्फ कळत जातो: कुठे पाय रुततो, कुठे पोकळ वाजतं, कुठे वाऱ्यानं थर रचलाय. पाळण्यात बसलेल्याला यातलं काहीच कळत नाही.

आपल्या मराठीत आभाळातून पडतो तोही बर्फ आणि उसाच्या रसात घालतात तोही बर्फच. काश्मिरी माणूस पडणाऱ्या बर्फाला 'शीन' म्हणतो. पण डोंगरावर साठलेल्या शीनचंही एकच रूप नसतं.

२१ डिसेंबरला 'चिल्लई कलां' सुरू होतो, कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस. या काळात जमिनीवर बर्फाचा थर पातळच असला, की खाली एक गुपचूप उलथापालथ चालते. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास, आणि हातभर वर, पृष्ठभागावर, उणे पंधरा. खालची वाफ वर सरकत राहते आणि तळातले कण मोठे, कोरडे, टोकदार होतात. त्यांची एकमेकांवरची पकड सुटते. मुठीत घेतले तर गोळा होत नाही, जाड साखरेसारखे बोटांतून गळतात. आणि मग त्यावर एका झटक्यात मीटरभर नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो. साखरेवर लादी ठेवावी तसं.

२०२४ चा जानेवारी गुलमर्गला जवळजवळ कोरडा गेला. बर्फाअभावी हिवाळी क्रीडास्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. फेब्रुवारीत बर्फ आला तो भरभरून. २१ तारखेला स्पर्धा सुरू झाल्या आणि २२ ला आखलेल्या उताराबाहेर हिमस्खलन झालं. एक रशियन स्कीअर गेला, त्याच्या सोबत्यांना बाहेर काढता आलं. त्याआधीच्या वर्षी, १ फेब्रुवारीला, अफरवटच्याच हापतखुद उतारावर हिमस्खलनात पोलंडचे दोघे दगावले आणि १९ परदेशी स्कीअरांची सुटका झाली.

लादी सुटते ती बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ साठून राहत नाही, सपाटीवर तो सरकत नाही. गंमत म्हणावी की दुर्दैव, स्कीइंगला मजा येते तीही याच कोनात. आणि हिमस्खलनात सापडलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत लादी तोडणारं वजन त्यांचं स्वतःचं किंवा त्यांच्याच सोबत्याचं असतं.

चौघांच्या छातीशी ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारा बीकन आहे, गाडलेल्याचा ठाव लागावा म्हणून. पाठीवर बर्फात खुपसून शोधायची लांब सळई आहे, फावडं आहे. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर जगण्याची आशा चांगली असते. त्यानंतर ती झपाट्याने घसरते, कारण स्वतःच्याच उच्छ्वासाने तोंडापुढची हवा बिघडत जाते. एवढ्या वेळात गावातून मदत पोचत नाही. जे काय करायचं ते सोबत्यांनीच, म्हणून उतारावर एका वेळी एकच जण उतरतो. सगळेच गाडले गेले तर खणणार कोण?

लादी कितपत धरून आहे ते पाहायला धारेवर त्यांच्यातला वाटाड्या खड्डा खणतो. तीस सेंटिमीटर रुंदीचा खांब मोकळा करून त्यावर फावड्याचं पातं ठेवतो आणि हाताने थापा देऊ लागतो. मनगटातून दहा. काही नाही. मग कोपरातून. तेराव्या थापेला वरचा भाग अखंड सुटून पुढे सरकतो. खालची साखर उघडी पडते.

कुणी फारसं बोलत नाही. एक जण घड्याळ बघतो, दुसरा निळ्या आभाळाकडे. चौघे वळतात आणि गस्त घालणाऱ्या स्की पेट्रोल पथकाची नजर असलेल्या, गंडोलाखालच्या उताराने उतरू लागतात. डोक्यावरच्या पाळण्यातून कुणीतरी हात हलवतं.

दुपारी हापतखुदच्या पांढऱ्या उतारावर एक वळणावळणाची रेघ दिसते. कुणीतरी गेलंय.